विनंतीवरून सुट्टी

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात दोन प्रकारचे पेशंट असतात, खाटेवरचे आणि जमिनीवरचे. खाटेवरच्याला खाटेचा नंबर मिळतो. जमिनीवरच्याला आम्ही ‘जमीन एक’, ‘जमीन दोन’ असं वॉर्डच्या कच्च्या वहीत लिहीत असू. औषध दोघांना तेच, सिस्टर तीच, वरणभातही तोच. फक्त जमिनीवरच्याला सलाईन लावायचं तर स्टँड पुरत नाहीत, म्हणून दोन खाटांच्या मधल्या भिंतीवर खिळा ठोकायचा, त्याला गॉजच्या पट्टीचा फास करायचा आणि त्यात बाटली उलटी अडकवायची. हे मला कोणत्याही नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात गिरजाबाई नावाच्या आयाने शिकवलं.

ओवी, मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, “आजी, तू हॉस्पिटलमध्ये बॉस होतीस का?” मी हसून हो म्हणाले. तनयने मग विचारलं की माझ्या हातून कधी काही चुकलं का, आणि मी म्हणाले, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज तुटत नव्हता. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा ठरवलं की तनयचं उत्तर इथेच लिहावं. मराठीत लिहिते आहे, कारण हे ज्यांच्याबद्दल आहे त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. तिचाही यात थोडा भाग आहे, तो तिला माहीत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहेरी आणि मुलचेऱ्याच्या पट्ट्यातल्या एका रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. गावाचं नाव लिहीत नाही. वीस खाटा होत्या. पावसाळ्यात, मलेरियाच्या दिवसांत, तीस-पस्तीस बाया असत. वडिलांनी धम्मदीक्षेनंतर हट्टाने आम्हा बहिणींना नागपूरच्या मिशनच्या शाळेत घातलं होतं, त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं होतं आणि अक्षर त्याहून चांगलं. केस पेपर इंग्रजीत लिहायचे असतात. जिल्ह्याहून तपासणीला आलेले साहेब माझे कागद हातात घेऊन म्हणायचे, असे कागद नागपुरातसुद्धा नसतात. चादरीचे कोपरे, तापाचे तक्ते, इंजेक्शनांचा ट्रे, सगळं जिथल्या तिथे. बावीस वर्षांत माझ्या नोकरीच्या पुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. हे अभिमानाने लिहिते आहे असं वाटेल, आणि खरं तर अभिमान होताच.

लोक तऱ्हेतऱ्हेचे येत. सिरोंचाकडच्या एक तेलुगू आजी पांढरी गोळी घेत नसत, लाल दिली तरच बरं वाटायचं. मग आम्ही लाल बी-कॉम्प्लेक्स आधी देऊन पांढरी तिच्या आडून सरकवायचो. बऱ्याच म्हाताऱ्या तर खाटेवर चढायलाच तयार नसत. “इतक्या उच्चावर झोपून पडली त कंबर मोडन ना माही,” म्हणत आणि पदर अंथरून खाली पडत. त्यामुळे जमिनीवरचे पेशंट म्हणजे काही विशेष वाईट आहे, असं मला पुष्कळ वर्षं वाटलंच नाही. पण पाहुणे येणार असले की ते दिसायला नकोत, हेही मला कुणी सांगावं लागत नसे.

आता डॉक्टरभाऊंबद्दल सांगते. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, आमच्या भागात सगळे त्यांना डॉक्टरभाऊच म्हणत. इंग्रजांच्या काळात नागपुरात डॉक्टरी शिकून त्यांनी नदीकाठच्या एका गावात दवाखाना टाकला. मलेरियाचे पेशंट, क्विनाईन, बैलगाडीतून व्हिजिटा. बेचाळीसच्या चळवळीत ते पकडले गेले. तुरुंगात कैद्यांना तेच तपासायचे. सुटून आले तेव्हा दवाखान्याला कुलूप लावलं आणि म्हणाले, देश स्वतंत्र होईपर्यंत एवढं काम करू, मग कुलूप काढू. देश स्वतंत्र झाला, पण निवडणुका आल्या, आमदारकी आली, पुढे काही काळ मंत्रिपदही आलं. कुलूप तसंच राहिलं. म्हातारपणी ते गावी परतले आणि रक्तदाब मोजायला आमच्याकडे येऊ लागले. रांगेत उभे राहत. नंबर येईपर्यंत बाकावरच्या बायांच्या पापण्या ओढून बघत आणि मला येऊन सांगत, “बाई, त्या हिरव्या लुगड्यावालीत रक्तच नाई, तिले पयले घ्या.” मी हो हो म्हणायचे आणि नंबराप्रमाणेच घ्यायचे. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली पंधरा ऑगस्टला आमच्या रुग्णालयात झेंडावंदन त्यांच्या हस्ते आणि नंतर पेशंटना फळवाटप, असं ठरलं. तहसीलदार, पंचायत समितीची मंडळी आणि दोन-तीन वार्ताहर येणार होते. चौदा तारखेला दुपारी आमच्या अधीक्षकांनी मला बोलावून एवढंच सांगितलं की सिस्टर, वॉर्ड नीट दिसला पाहिजे. ते जास्त काही बोलले नाहीत. पुढचं सगळं माझं आहे.

त्या दिवशी माझ्याकडे चौतीस पेशंट होत्या, म्हणजे जमिनीवर चौदा. पाच जणी घरी पाठवण्यासारख्या नव्हत्या. त्यांना मागच्या व्हरांड्यात ताडपत्री बांधून ठेवलं. उरलेल्या नऊ जणींना सुट्टी दिली. आता, बऱ्या न झालेल्या पेशंटला सुट्टी देता येत नाही. पण पेशंट स्वतःच जायचं म्हणाला तर त्याला अडवता येत नाही. अशा वेळी केस पेपरवर ‘विनंतीवरून सुट्टी’ असा शेरा लिहितात, खाली पेशंटची किंवा नातेवाइकाची सही घेतात, आणि पुढे काही झालं तर जबाबदारी त्यांची. अधीक्षक सुट्टीच्या कागदांवर गठ्ठ्याने सह्या करत. मजकूर माझा असायचा. मी नऊ कागदांवर तीच ओळ इंग्रजीत लिहिली आणि खाली नऊ अंगठे घेतले. सगळं अर्ध्या तासात उरकलं.

नवव्या कागदावरची बाई पार्वता. नाल्यापलीकडच्या एका गावातली, ढिवराची सून, वीस-एकवीस वर्षांची, सहाव्या महिन्यात. तीन दिवस क्विनाईनचं सलाईन चालू होतं. आदल्या दिवसापासून ताप उतरला होता, पण नखं पांढरी होती. सोबत सासू होती, लच्छीबाई. ती तळ्यावर मासे धरणारी बाई, हातावर जाळ्याच्या दोरीचे वळ. मी गोळ्यांची पुडी तिच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, “बाई, हिले अजून थंडी वाजून राह्यली. उद्याच्या दिवस राहू द्या. आमी कोन्याले तरास नाई देत, तिकडं कोपऱ्यात बसू.”

मी म्हणाले की ताप उतरलाय, गोळ्या वेळेवर दे, आणि घरी आराम पडेल. मग मी शाईचा पॅड पुढे केला. तिने कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिने विचारलं, “हे काय लिवलं जी?” मी म्हणाले, सुट्टीचं लिहिलंय. तेवढं खरं होतं.

पंधरा ऑगस्टला वॉर्ड असा दिसत होता की मीच दारात क्षणभर थांबले. वीस खाटा, वीस पांढऱ्या चादरी, प्रत्येक खाटेखाली एकच पिशवी. फिनाईलचा वास. गिरजाबाई पुटपुटली, “बंबईचा दवाखाना वाटून राह्यला.” तिने ते कौतुकाने म्हटलं की टोमणा मारला, मला आजही सांगता येत नाही.

झेंडावंदन झालं. मंडळी वॉर्डात आली. पुढे फळांची टोपली घेऊन शिपाई, मागे डॉक्टरभाऊ, मागे बाकीचे. पहिल्या दोन खाटांवर त्यांनी केळं आणि सफरचंद दिलं, फोटो झाले. तिसऱ्या खाटेवरच्या बाईला फळ द्यायच्या ऐवजी त्यांनी तिची नाडी धरली, पोटाला हात लावून पाणथरी, म्हणजे मलेरियात वाढणारी प्लीहा, चाचपली आणि तिला विचारत बसले. फोटोवाला अवघडून उभा. मग भाऊ सरळ व्हायला म्हणून भिंतीला हात टेकून उठले आणि हात एका खिळ्यावर पडला. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. मग पुढच्या दोन खाटांमधल्या भिंतीकडे. मग समोरच्या भिंतीकडे.

“बाई, हे खिळे कायचे?”

मी चादरी बदलल्या होत्या, फरशी तीनदा पुसून घेतली होती, मडकीसुद्धा उचलली होती. खिळ्यांचा विचारच केला नव्हता. रोज बघून बघून ते मला दिसेनासे झाले होते. मी म्हणाले, “कॅलेंडरचे, भाऊ.”

त्यांनी बोटाने मोजले. “चवदा कॅलेंडर? तुमच्या इथी साल लवकर बदलत असंन.”

लोक हसले. तहसीलदार सगळ्यात मोठ्याने हसले. भाऊ हसले नाहीत. समोरच्या एका खिळ्याला गॉजचा फास तसाच राहिला होता. त्यांनी तो काढून खिशात घातला आणि मंडळींना म्हणाले की फोटो झाले असतील तर आपण चहा घ्या, मला सिस्टरांशी रक्तदाबाचं बोलायचं आहे.

सगळे गेल्यावर त्यांनी भरतीची वही मागितली. माझ्या टेबलाजवळ स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, वही डोळ्यांजवळ धरून वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाले, “नऊ जणींनी एकाच दिवशी विनंती केली. एकाच शब्दांत. अन् तेही इंग्रजीत.”

मी उभीच होते. माझ्या तोंडून निघालं की पाहुणे येणार होते म्हणून. मग मी मागच्या व्हरांड्यातल्या पाच जणींचंही सांगून टाकलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर पुढे मला स्वतःचीच कीव करायला काहीतरी मिळालं असतं. ते वही मिटून म्हणाले, “मंत्री होतो तवा मी असे लय वॉर्ड पाह्यले. सगळे असेच साफ. मले वाटे, आपला कारभार चांगला चालून राह्यला. हात लावून कधी पाह्यलंच नाई ना मी. डॉक्टर राह्यलो असतो त पयल्याच वॉर्डात खिळा टोचला असता.” नंतर त्यांनी विचारलं की या नऊ जणींतली अशी कोण आहे, जिला मी पाठवायला नको होतं.

मी लगेच सांगितलं, पार्वता. विचार करावा लागला नाही, हेच सांगायला लाज वाटते. म्हणजे मला चौदा तारखेलाही माहीत होतं.

भाऊंना घ्यायला आलेली तहसीलची जीप दारात होती. त्यांनी ड्रायव्हरला गावाचं नाव सांगितलं, मी सलाईनच्या दोन बाटल्या आणि पेटी घेतली आणि आम्ही निघालो. पुढच्या आसनावर भाऊ, अंगावर सत्काराची शाल तशीच. फार दूर जावं लागलं नाही. आदल्या संध्याकाळी एसटीने पार्वताला आणि लच्छीबाईला फाट्यावर सोडलं होतं. तिथून चार किलोमीटर चालायचं, पण मधल्या नाल्याला पूर आलेला. त्या फाट्यावरच्या निवाऱ्यातच राहिल्या होत्या. पार्वता सिमेंटच्या बाकाखाली ओल्या जमिनीवर कुशीवर पडली होती आणि तिच्या कमरेत कळा येत होत्या. लच्छीबाई तिच्या पाठीला हात लावून बसली होती. आम्हाला बघून ती रागावली नाही. म्हणाली, “आले का जी? मी म्हनलीच, बाई कोन्याले तरी धाडन.”

भाऊ गुडघ्यांवर बसले. त्यांना बसायला वेळ लागला. त्यांनी तिचं पोट तपासलं आणि माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. मी तिथेच सलाईन लावलं. बाटली टांगायला काही नव्हतं. जीपमध्ये बसून रुग्णालयात येईपर्यंत ती बाटली डॉक्टरभाऊंनी हात उंच करून धरली होती.

दुपारी मूल गेलं. सहा महिन्यांचं, मुलगी. पार्वता वाचली. मी तिला पाच नंबरच्या खाटेवर घेतलं आणि पुढचे तीन दिवस ड्यूटी संपली तरी तिच्याजवळ बसून राहिले, तिला भरवलं, तिचे कपडे बदलले. अधीक्षक म्हणाले की सिस्टर, मनाला लावून घेऊ नका, मलेरियात असं होतंच, इथे असती तरी झालं असतं. डॉक्टरीच्या दृष्टीने ते चूक नव्हतं. पण इथे असती तर ते कोरड्या खाटेवर झालं असतं, आणि कदाचित झालं नसतं. त्या ‘कदाचित’चं उत्तर कोणत्याच केस पेपरवर मिळत नाही.

जायच्या आधी डॉक्टरभाऊ मला म्हणाले की ते वरती पत्र लिहिणार आहेत. आणखी वीस खाटांचा प्रस्ताव कितीतरी वर्षं पडून होता, कारण कागदावर आमच्या वॉर्डात कधी वीसच्या वर पेशंट राहिलेच नव्हते. जास्तीच्या सगळ्या दर तपासणीआधी ‘विनंतीवरून’ गेलेल्या. “चौकशी लागन,” ते म्हणाले. “माह्या शब्दाले आता किंमत नाई, म्हातारा बडबडते म्हनतीन. पण त्या वॉर्डची सिस्टरच बोलली, की हे असं करा लागते, त मंग कोन्याले नाई म्हनता येनार नाई. बोलान का?”

मी म्हणाले, बोलेन.

चौकशी सप्टेंबरात लागली. त्या मधल्या पाच आठवड्यांत मी काय काय विचार केला ते सगळं लिहीत नाही. खोटा शेरा लिहिला हे कबूल केलं तर निलंबन नक्की. मेट्रनच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलेलं. तुमच्या आईला त्याच महिन्यात पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. तुमचे आजोबा आदल्या वर्षी गेले होते. रोज सकाळी मी ठरवायचे की बोलायचं, आणि ठरवलं की कामाला हात चालायचे.

जिल्ह्याहून एक अधिकारी आले. अधीक्षकांच्या खोलीत टेबलापुढे मी उभी होते, बाकावर लच्छीबाईला बसवलं होतं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत डॉक्टरभाऊ. ते एसटीने आले होते. अधिकाऱ्यांनी केस पेपर काढला, माझी इंग्रजी ओळ वाचली आणि लच्छीबाईला मराठीत समजावून सांगितली. कागदात असं आहे की तुम्हीच घरी जायचं म्हणालात. हा अंगठा तुमचाच ना? मग तुम्ही म्हणालात की नाही?

डॉक्टरभाऊ माझ्याकडे बघत होते. लच्छीबाईही माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरच्या हिरव्या बनातीकडे बघत होते. तिच्यावर शाईचा डाग पडलेला होता आणि मनात आलं की लिंबाने घासला तर निघेल.

मी बोलले असते तर याच वेळी. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणूनसुद्धा पाहिलं.

लच्छीबाई म्हणाली, “कागदावर हाये त आमीच म्हनलं असंन, साहेब.”

अधिकाऱ्यांनी मला विचारलं की सिस्टर, तुम्हाला काही सांगायचं आहे का. मी नाही म्हणाले. डॉक्टरभाऊ उठले, खिडकीच्या कडेला ठेवलेली काठी घेतली आणि बाहेर गेले. त्यानंतर ते रक्तदाब मोजायला आमच्याकडे आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात वारले. अंत्ययात्रेला मंत्री होते, पोलिसांनी बंदुकीची सलामी दिली. मी ड्यूटी लावून घेतली होती. वाढीव खाटांचा प्रस्ताव परत आला, त्यावर शेरा होता, ‘आवश्यकता सिद्ध होत नाही.’ मी मेट्रन झाले. पुढे निवृत्तीपर्यंत कुणा पाहुण्यांसाठी मी एकाही पेशंटला हलवलं नाही. पण हे बक्षीस मागण्यासारखं काही नाही. तोवर मला कोणी विचारणारंही नव्हतं.

चौकशी संपल्यावर त्या दिवशी मी व्हरांड्यात आले तेव्हा लच्छीबाई पायरीवर बसून चप्पल घालत होती. ती मला बघून उठली. इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही याची खात्री केली आणि अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “मले समजलं होतं, साहेब काऊन इचारून राह्यले ते. मी तुमाले म्हनली होती राहू द्या म्हून, मी काई भुलली नाई. पण तुमी पोरीजवळ तीन दिवस बसून राह्यल्या, सख्खी माय बसत नाई. तुमच्या नोकरीले धक्का लागाले नाई पायजे.” आणि मग, एखाद्या मुलीने शाळेत उत्तर देऊन बाईंकडे बघावं तसं माझ्याकडे बघत तिने विचारलं, “बराबर बोलली ना मी, बाई?”

मी म्हणाले, “हो. बरोबर बोललात.”